ठिणगीसाठी एक ओळ

३ मार्च, सकाळी ९
ठिणगीला पोलिसांनी धरलं. आमची बातमीदार. नाव मीच ठेवलंय. पाण्याच्या टाकीत औषध टाकतच नाहीत, याचे फोटो काढताना सापडली. घुसखोरीचा गुन्हा. फौजदार म्हणतो, पेपरने पाठवली होती अशी संपादकाच्या सहीची एक ओळ आणा, सोडतो. मीच पाठवली होती. तोंडी. मी लेखी काही देत नाही, माझा शब्द हाच कागद! असो. दुपारपर्यंत पत्र देतो.

दुपारी ४
पत्र तीन पानं झालं. लोकशाहीचा इतिहास आत्ता कुठे संपतोय. आमच्या म्हाताऱ्या मुद्रितशोधकाने लाल पेनने सगळं खोडून एवढंच ठेवलं, 'हिला मी पाठवलं.' आगाऊ मेला. शैलीचा गंध नाही. सही उद्या.

४ मार्च
मालकांचा फोन. घाई नको म्हणाले. ते घाबरलेत. मी नाही. मी फक्त गप्प बसलो, त्यातही जरब असते. ठिणगीची आई सकाळपासून ऑफिसातल्या बाकावर बसून आहे. पाणी दिलं तर घेतलं नाही. उलट मलाच म्हणाली, नळाचं पिऊ नका, पोरगी सांगून गेलीय. बाईला काय बोलायचं! मागच्या दाराने बाहेर पडलो. डावपेच.

५ मार्च
जळजळीत अग्रलेख लिहिला. 'काही शक्तींना इशारा'. नाव कुणाचंच नाही. ज्याला झोंबायचं त्याला झोंबेल. संध्याकाळी पाणीखात्याच्या साहेबाचा फोन. फार सुंदर लिहिलंय म्हणे, फ्रेम करून लावतोय. हादरलाय!
बायको विचारते, एक ओळ लिहायला तीन दिवस? घरात सगळ्यांची पोटं बिघडलीत, लिहिणार कसं?

६ मार्च, सकाळी ११
उद्या ठिणगी पुन्हा कोर्टात, आधीची कोठडी संपतेय. आज सही करणार म्हणजे करणार.

११.४०
मालकांनी पत्र टाइप करूनच पाठवलं. 'सदर महिलेस आम्ही कोणतेही काम दिलेले नव्हते.' माझं डोकंच फिरलं. फोन करून ठणकावलं, 'सदर' हा शब्द जुनाट आहे, चालणार नाही. मालकांनी मुकाट्याने बदलला. मला दबून असतात. सही केली. पुढच्या मोठ्या लढाईसाठी संपादक खुर्चीत हवा ना!

७ मार्च
ठिणगीला चौदा दिवस कोठडी. मुद्रितशोधक कोर्टात गेला होता. कोण विचारतंय, तरी येऊन सांगितलंच. संपादकसाहेबांनी पाठवलं, असं ती ठामपणे सांगत होती म्हणे. मग माझं पत्र वाचलं गेलं. सही ओळखतेस का, असं न्यायाधीशांनी तिला विचारलं.
हो म्हणाली. साहेबांचीच आहे, पहिल्यांदाच लेखी दिलं त्यांनी.