टिळ्याचा अंगठा

राणीसावरगाव

ती. लिंबाजीदादांस,
बन्सीधरचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे अंगठा सोडून सगळं क्षेम आहे. तुमचा गुडघा, वहिनींची शुगर आणि सेलूचा कापसाचा भाव कसा आहे ते कळवावे. (भाव नाही कळवला तरी चालेल, तो ऐकून माझीच शुगर वाढते.) तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या भाचीचा, अर्पिताचा, साखरपुडा येत्या रविवारी इथेच आहे. आणि नेमकी माझ्या उजव्या अंगठ्यावर, म्हणजे मुलाला टिळा लावायच्या अंगठ्यावर, चामखीळ उगवली. मुलाची आई सरजाबाई भारी चोखंदळ. आमच्याकडे चहा घेताना त्यांनी कपाची कड पदराने पुसली होती. असा अंगठा त्या लेकाच्या कपाळाला लावू देतील होय? एका चामखिळीपायी सोयरीक मोडते की काय, या धास्तीने माझी झोप उडाली.

आमच्या गावात दवाखाना एक आणि डॉक्टर घरटी दोन. शेजारच्या बजरंगने चुन्यात धुण्याचा सोडा कालवून लावला. चामखीळ जागेवर राहिली, भोवतालची कातडी गेली. मग कासाबाईने लसूण ठेचून बांधला. त्याच्या वासाने मी पारावर गेलो की पार मोकळा व्हायला लागला. (त्यातले बरेचजण तसेही तिथून उठायला हवेच होते.) शेवटी बजरंग म्हणाला, "काका, घोड्याच्या शेपटीचा केस बांधा. लय जालीम हाय. आपोआप गळून पडती." आता घोडा उरलाय तो फक्त लग्नापुरता. जिंतूरला एका वरातीत शिरलो आणि गर्दीत नवरदेवाच्या घोड्याचा केस उपटला. घोडा नवरदेवासकट थेट मांडवात. बँडवाले मागे, वऱ्हाड त्याच्याही मागे. नाचायला वेळच मिळाला नाही, त्यामुळे अक्षता पत्रिकेतल्या वेळेला पडल्या. परभणी जिल्ह्यात हे पहिलंच असावं. वधूपित्याने घोडेवाल्याला बक्षीस दिलं; माझा अंगठा केस आवळून काळानिळा झाला, तो वेगळाच.

मग गंगाखेडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "काका, चामखिळीचं बघू नंतर, आधी तुमच्या इलाजांवर इलाज करावा लागंल." तेव्हा अंगठ्याला पट्टी आहे आणि टिळा तुम्हीच लावायचा. बाप नाही तर मामा, रीतच आहे. आमच्या घरच्या मागच्या लग्नात तुम्हाला फेटा बांधायचा राहिला आणि तुम्ही न जेवता निघून गेलात. फेटे कमी पडले होते, कुणाच्या मनात काही नव्हतं. (फेटे वाटायला बसलेला माणूस सेलूचाच होता, पण ते असो.)

आपला,
बन्सीधर

ता. क. फेटा केशरी की गुलाबी ते कळवा. या वेळी पहिला तुमचाच.

आणखी एक ता. क. हे पत्र कुसुमने वाचलं (तुमचीच बहीण, वाचणारच) आणि म्हणाली, आता खरं लिहा. तर डॉक्टरीणबाईंच्या औषधाने चामखीळ कधीच गेली. पट्टी तुम्ही दारात दिसलात की बांधणार होतो. "दादा नुसतं या म्हणून यायचा न्हाई, कायतरी दुखणं सांगा," असं आधी तिनेच सुचवलं होतं. दुखणं आहे, पण ते अंगठ्याचं नाही. परभणीकडून एसटी आली की अर्पिता दारात जाऊन उभी राहते आणि गाडी रिकामी झाली की आत येते. मला ते बघवत नाही. या.