पावणेसव्वीस लिटर

अब्बा, मी आज फार दमलेय. बारामतीत उन्हाळ्याचे जादा तास चालू आहेत. पत्र्याखालचा वर्ग, एक्केचाळीस डिग्री ऊन आणि फळ्यावर तेच ते: एक लिटर द्रावणात किती मोल, म्हणजे मोलॅरिटी; एक मोल वायूला किती जागा, म्हणजे मोलर व्हॉल्यूम. इतकी वर्षं हेच शिकवतेय की तोंड आपोआप चालतं आणि मन मागच्या बाकावर जाऊन पेंगतं. मुलांना नुसता आकडा हवा असतो. बावीस पूर्णांक चार. मीही देऊन टाकते आणि फळा पुसते.

नोकरीच्या मुलाखतीआधी हाच धडा मी तुम्हाला म्हणून दाखवला होता, भिगवणच्या आपल्या गोटी सोड्याच्या दुकानात. तुम्ही भरलेल्या बाटल्यांवर ओलं गोणपाट टाकताय आणि मी सांगतेय, "कुठलाही वायू घ्या, एका मोलला बावीस पूर्णांक चार लिटर जागा लागते, शून्य अंशाला." तुमचा हात थांबतो. "पण पोरी, हितं शून्य डिग्री कवा असतंय? उन्हात ग्यास फुगतोय, म्हणून तर ही वली पोती. मग हितं किती लागंल?" मी वैतागले. "अब्बा, परीक्षेत शून्यच असतं." "व्हय का," म्हणालात आणि पुढच्या बाटल्या झाकायला लागलात. निघताना मात्र एक गार बाटली हातात दिलीत, घसा सुकंल म्हणून. मुलाखतीत वडील काय करतात विचारलं, तर मी "व्यवसाय" एवढंच सांगितलं. नोकरी लागली. तुमचं उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच, आणि तुम्ही गेलात.

आज आपल्या भिगवणजवळच्या डाळज गावची एक मुलगी उठली. "मॅडम, शून्य डिग्री हितं कवा असतंय? आपल्याकडं किती जागा लागंल?" मागची पोरं हसली. "परीक्षेत..." एवढं माझ्या तोंडून गेलंसुद्धा. मग खडू उचलला. आजचं तापमान केल्व्हिनमध्ये तीनशे चौदा, भागिले दोनशे त्र्याहत्तर, गुणिले बावीस पूर्णांक चार. पावणेसव्वीस लिटर, अब्बा. तीन लिटरहून जास्तच फुगतो की तुमचा ग्यास! घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. फार दिवसांनी शिकवताना मला बरं वाटलं.

जाता जाता त्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आदी कुणी विचारलं हुतं का हे?"

"भिगवणला एक सोडावाले होते," मी म्हणाले.

"तुमच्या वळखीचे?"

"हो. ओळखीचे."

भिगवणला आले की कबरस्तानाच्या फाटकाशी उभं राहून हे तुम्हाला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. आता हा कागद नाही आणणार. उत्तर ऐकून तुम्ही खूश झाला असता. पण त्याच्या पुढचं वाचायला माझा आवाज निघायचा नाही. "माझे अब्बा," एवढे दोनच शब्द त्या मुलीला सांगायचे होते, आणि ते मला आजही म्हणता आले नाहीत.