लार्याचा मंगळवार

१२ ऑगस्ट, सोमवार

झालं एकदाचं! घानातल्या टेमा बंदराच्या या सिमेंट कारखान्यात कुठला ट्रक कधी भरायचा, हे वीस वर्षं एकट्या ओकाईबाबांच्या डोक्यात होतं. सहा आठवडे आम्ही त्यांना बोलतं केलं, रेकॉर्ड केलं, यंत्राला शिकवलं. उद्यापासून ट्रकांना वेळा एआय देणार.

एक नियम मी उडवला — 'लार्याला मंगळवारी बोलवायचं नाही.' सेलॉर्म, माझ्या टीममधला शंकासुर, लगेच म्हणे, "मॅडम, बाबांना एकदा विचारू का?" काय विचारायचंय? मी टेशी गावच्या कोळ्याची मुलगी. मंगळवार समुद्राचा, त्या दिवशी होड्या लोटत नाहीत. लार्या ड्रायव्हरही आमच्याच वस्तीतला. पण ट्रकला कसला आलाय मंगळवार! सेलॉर्मवर इतकी ओरडले की तो उठून बाहेर गेला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

 जसं घडलं तसं लिहिते.

दहा वाजता लार्याचा ट्रक माल भरायला तीन नंबरच्या फलाटाला लागला, शेजारी चार नंबरला आडोतेचा. दोघांचा माल एकाच गावचा, म्हणून यंत्रानं जवळ लावले. आडोते उतरला. लार्याला बघितलं. चाकाची लोखंडी टॉमी काढली.  पहिला घाव खांद्यावर, दुसरा डोक्यात. नंतरचे मी मोजले नाहीत. सेलॉर्म धावत मध्ये पडला — त्याच्या हाताचं हाड बाहेर आलं. मी आमच्या खोलीच्या काचेआड उभी. 

मग ड्रायव्हर आमच्या खोलीवर चालून आले. "लार्याला आज बोलावलं कुणी? काढा त्या बाईला बाहेर!" काचा फुटल्या, स्क्रीन फुटले. कुणीतरी माझे केस धरून दारापर्यंत फरफटत नेलं. ओकाईबाबा आडवे आले म्हणून वाचले.

लार्या दुपारी गेला.

१४ ऑगस्ट

तीन वर्षांपूर्वी आडोतेची मुलगी लार्याच्या ट्रकखाली गेली होती. शाळेच्या कपड्यांत. तेव्हापासून आडोतेचा माल फक्त मंगळवारी, लार्याचा उरलेल्या वारी. तीन वर्षं बाबांनी दोघांची फाटकावरही गाठ पडू दिली नाही. यार्डातल्या प्रत्येकाला माहीत. कँटीनमध्ये केंकी, मक्याचे उंडे, विकणाऱ्या बाईलासुद्धा!

१६ ऑगस्ट, शुक्रवार

डायरेक्टर म्हणाले, "म्हाताऱ्यानं मुद्दाम लपवलं. नोकरी जाणार म्हणून सूड." पोलीस ओकाईबाबांना घेऊन गेले. वय एकाहत्तर. तुरुंगात मरतील.

मी म्हटलं, सर, नियमांची यादी परत बघू या. "कोरकोर, तुझ्या टीममधल्या चौदा माणसांच्या नोकऱ्या आहेत," एवढंच म्हणाले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. फेकला नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

रेकॉर्डिंग ऐकलं. चर्चला गेलेच नाही.

बाबा: "लार्याला मंगळवारी बोलवू नकोस."

मी हसते आहे. "कळलं, समुद्राची सुट्टी!"

बाबा: "अगं पोरी, समुद्राचं नाही ते. तो आडोते—"

मी: "बाबा, पुढचा नियम."

पुढचा नियम! चार वेळा ऐकलं. मग स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं, ओठ फुटेपर्यंत. म्हातारा सांगत होता. मी तोडलं. लार्याला मारलं आडोतेनं, पण त्याच्यासमोर नेऊन उभं केलं मी.

मंगळवारी हे रेकॉर्डिंग ठाण्यात देणार. सेलॉर्मला दवाखान्यात जाऊन सांगितलं. प्लॅस्टरमधला हात सावरत म्हणाला, "द्याच, मॅडम."

२० ऑगस्ट, मंगळवार

ठाण्यात गेले. मी तोंड उघडायच्या आत ओकाईबाबाच साहेबाला म्हणाले, "मंगळवारचं कारण हिला मी सांगितलंच नव्हतं. हिचा बाप माझ्या होडीवर होता, पोर खोटं बोलायची नाही. विचारा हिला."

साहेबानं विचारलं.

मी म्हटलं, "नव्हतं सांगितलं."

बाहेर येऊन रेकॉर्डिंग पुसलं.