गेरूचा तारा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून भिंतीवर कुठं लाल रंग दिसला की माझी नजर आधी दाराकडे जाते.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मला प्राणहितेच्या काठच्या एका गावात शाळेवर नेमणूक मिळाली होती. "त्या जंगलात एकटी कशी राह्यशील," म्हणत तुम्ही नागभीडच्या घराला कुलूप लावून माझ्यासोबत आलात. उमेदीची वर्षं तुम्ही जहाजावर खलाशी म्हणून काढलेली. समुद्र न पाहिलेली माझी शाळेतली पोरं तुमच्या गोष्टींसाठी जीव टाकायची. शाळेच्या भिंतीचा खालचा पट्टा रंगवून थोडा गेरू उरला, तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "या, तुमाले जहाजाचा, वाट सांगनारा तारा काढून दाखवतो."

खिळ्याला सुतळी बांधून तुम्ही गोल काढता. गोलावर अंदाजानं पाच खुणा. एक सोडून एक खूण जोडत जाता आणि तारा उमटतो. मग प्रत्येक टोकापासून समोरच्या खाचेपर्यंत रेघ. एक फाक गेरूची, एक चुन्याची, असं भरत गेलात की सपाट भिंतीतून तारा उठून बाहेर येतो. पोरं हात लावून बघतात. लाल तारा ही जंगलातल्या बंदूकवाल्यांची खूण, हे तोवर गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मी म्हटलं, "बाबा, लाल नको." तुम्ही हसलात. "अर्धा पांढरा हाये ना. काय होते?"

आठवड्याच्या आतच पोलिसांची तुकडी आली. भर शाळेत. साहेबानं ताऱ्यावर काठी टेकवली. "हा कोणी काढला?" पोरं पाटीवर मान घालून बसली. तुम्ही पोरांमधून उठून पुढं आलात.

"मी काढला, साहेब. खलाशी होतो. हा जहाजावरचा तारा."

"मग लाल कशाला?"

"गेरू उरला होता. काळ्यासाठी कोळसा लावला तर पावसात धुऊन जाते."

"पुन्हा काढ. इथं, जमिनीवर. माझ्यासमोर."

तुम्ही उकिडवे बसलात. खिळा रोवला, सुतळी ताणली. तुमच्या मानेमागे बंदुकीची नळी होती आणि रेघ कुठं हलली नाही. "पुसून टाक तो भिंतीवरचा," एवढंच म्हणून साहेब गेला. तुम्ही लगेच चुन्याचा हात फिरवलात. संध्याकाळी मी चहा दिला, तो तसाच ठेवून तुम्ही उरलेला गेरू नदीत टाकून आलात.

मला वाटलं, सुटलो. पण चार दिवसांनी, मी विहिरीवरून येते तर अंगणात दोन अनोळखी तरुण. एकाच्या खांद्यावर बंदूक. तो हळू आवाजात तुम्हाला विचारतो, "बाबा, तारा काऊन पुसला? कोनाच्या सांगन्यावरून?" माझी घागर तिथंच कलंडली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "मीच काढला, मीच पुसला. माझ्या पोरीले इथी नोकरी करू द्या. तिचा यात काई संबंध नाई." ते पाणी मागून प्याले आणि निघून गेले. त्यानंतर मी रोज त्यांची वाट पाहिली. रोज पोलिसांचीही. वर्षभरानं माझी बदली झाली. दोघांपैकी कोणीच परत आलं नाही, पण ते वर्ष माझ्या अंगातून गेलं नाही. तुम्ही पुढं कितीतरी वर्षांनी अंथरुणावर, शांतपणे गेलात. त्या दिवसांबद्दल आपण एकदाही बोललो नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ठाऊक आहे मला. तरी एक सांगते. परवा नात कागद घेऊन आली, "आजी, तारा काढून दे ना." मी म्हटलं, मला येत नाही. तिच्या हातात लाल खडू होता, बाबा.