दीडशे बैलांची बिस्किटं

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प एकच: रागवायचं नाही. डॉक्टर म्हणाले, बीपीची गोळी वाढवावी लागेल. डॉक्टरवर जरा रागावलो, पण तेव्हा संकल्प केला नव्हता.

वीस वर्षं रिसोडच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या या हाताने रंगवल्या. मग फ्लेक्स आला. आता ज्याला सरळ रेघ मारता येत नाही तोही तासाभरात बोर्ड छापून देतो. याविषयी लिहायचं नाही.

सुकेशनीच्या बचत गटाने बिस्किटांचा ओव्हन आणलाय. ठेवला आमच्या ओसरीत. गटाची अध्यक्ष शेजारची गोजराबाई, पण खरी बिस्किटं करते ती माझी बायकोच. बिस्किटं गोल. नुसती गोल! बघूनच माझं डोकं फिरलं. डेकोरेशन पाहिजे. ते कोण करणार, हे सांगायची गरज नाही.

७ ऑगस्ट, दुपारी
राखीपौर्णिमेसाठी बारा बिस्किटांवर राख्या काढल्या. पिठीसाखर, लिंबाचा रस, खायचा रंग. ब्रश माझा जुना, चार नंबरचा. सुकेशनी म्हणे, बिस्किटाले टर्पेंटाइनचा वास येऊन राह्यला. म्हटलं, हा कामाचा वास आहे. एक खाऊन दाखवलं.

संध्याकाळी: पोट बिघडलं. सकाळची वांगी.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा
नवीन ब्रश आणला. जुन्या ब्रशाचा दोष नव्हता, पण बायकांशी कोण वाद घालणार. रिठदहून बहीण वच्छला आली. राखीचं बिस्किट पाहून म्हणे, लय सुंदर हाय बादल, हे मी नाही खात, नातीले दाखवतो. रुमालात बांधून घेऊन गेली. कलेची कदर आमच्या घराण्यात आहे. बाकी गावात नाही.

१२ ऑगस्ट
ऑर्डर! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत तान्हा पोळा. पोरं लाकडाचे, मातीचे बैल घेऊन येतात. त्यांच्या खाऊसाठी दीडशे बिस्किटं पाहिजेत. मोठ्या मॅडमनी सांगितलंय, पोरांना आवडली तर वर्षभर दर शनिवारी घेऊ. नाहीतर गट ओव्हन परत करणार. सुकेशनीने हे सांगताना ओव्हनवरून हात फिरवला. माझ्यावरून कधी फिरवला नाही.

गोजराबाई म्हणे, गोलच करू, वरून तीळ लावू. तीळ! मी टेबलावर मूठ आपटली. ट्रे पडला. चूक टेबलाची.

पोळ्याला बिस्किट कशाचं? बैलाचं! एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नाही. सुकेशनी म्हणे, पण बैल खाईन कोण? म्हटलं, दीडशे पोरं.

१४ ऑगस्ट
डबे सांधणाऱ्याकडून पत्र्याचा साचा करून घेतला. त्याने विचारलं, हे कुत्रं हाय काय? रागावर ताबा. घरी आल्यावर बादलीला लाथ मारली.

१६ ऑगस्ट
पाय मोडतात. ट्रेमधून काढला की पुढचा पाय ट्रेमध्ये, मागचा माझ्या हातात. सुकेशनी म्हणे, बसलेला बैल करा. पोळ्याला बसलेला बैल! तोरणाखाली बैल उभा राहतो की बसतो? शेतकऱ्याच्या पोरीला हे मी सांगायचं!

संध्याकाळी पाय जाड केले. माझाच विचार होता.

मोडलेले बत्तीस बैल चहासोबत ठेवले. कुणी हात लावला नाही. गोजराबाई म्हणे, लंगडा बैल तोंडात कसा घालू? जळफळाट तिचा. शेवटी कोंबड्यांना घातले. कोंबड्यांना मात्र फार आवडले.

२० ऑगस्ट
दमट हवा. रंग वाळत नाही. एका बैलाची लाल झूल वितळून पोटाखालून वाहायला लागली. पाहून मलाच कसंतरी झालं. त्यात लाईट गेली. वीज कंपनीला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. उचलला. मी इतका ओरडलो, की त्या माणसाने फोन ठेवला. राँग नंबर होता म्हणे.

गोजराबाई मेंदीचा कोन भरतात तसा प्लास्टिकचा कोन करून आली. सुरसुर पाच मिनिटांत दहा बैलांच्या गळ्यात घुंगरू काढले. म्हटलं, ही मेंदी झाली, कला नव्हे. ती हसली. तिच्या हसण्यावर बंदी पाहिजे.

दुपारनंतर कोन वापरून पाहिला. जरा सोयीचा आहे.

२२ ऑगस्ट, पोळा
झाले! दीडशे. एकासारखा दुसरा नाही. कपाळावर मठाटीचे गोंडे, शिंगांना बेगड, अंगावर झूल. शेवटचा बैल काढून झाला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांत एका पाटीला आलं नव्हतं.

प्रत्येक डब्यात चिठ्ठी टाकायला सांगितली: सजावट, बादल आर्टिस्ट, खाली फोन नंबर. सुकेशनी उरलेल्या पिठाची बिस्किटं करत होती. गोल! विचारलं, कायले? म्हणे, असू द्या. असू द्या म्हणजे काय?

संध्याकाळी शेजाऱ्यांची बैलजोडी दारात आली. ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली, दोघांच्याही पाया पडलो. वर्षभर राबणारा जीव. मन भरून आलं. राग शांत. उद्या दीडशे पोरं बैलांवर तुटून पडतील.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
काय झालं ते क्रमाने लिहितो.

शाळेत गेलो. नवा शर्ट. पोरं रांगेत. प्रत्येकाच्या हातात माझा बैल. सगळीकडे 'वा'. मोठ्या मॅडम म्हणाल्या, खा आता. कुणी खाईना. परत म्हणाल्या. कुणी खाईना. म्हटलं लाजतात. पुढे होऊन म्हणालो, अरे खा, गोड आहे! पहिलीतली एक चिमुरडी म्हणे, काका, आज बैलाले खात नसतात, पाया पडतात.

आणि पडली. मग सगळी पडली. शिपाईबाई कुंकू घेऊन आली! मॅडमनी स्वतः ओवाळलं! माझ्या कामावर कुंकू! एका पोराच्या हातून शिंग मोडलं तर त्याने असं भोकाड पसरलं, की त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मीच मोडल्यासारखं.

पोरं उपाशी. तेव्हा सुकेशनीने पिशवीतून डबा काढला. गोल. दोन मिनिटांत संपला. एकाने डबा चाटला. मी मोठ्याने काहीतरी बोललो. काय ते लिहीत नाही. मॅडमनी पाणी आणून दिलं.

२४ ऑगस्ट
सकाळपासून फोन. पालकांचे. बैल देवाजवळ ठेवलाय, मुंग्या लागून राह्यल्या, काय करावं? एकजण म्हणे, गणपतीसोबत बुडवला तर चालते काय? म्हटलं, खा! तो म्हणे, तुमी कसे माणूस हो? उलट त्यानेच फोन ठेवला!

दुपारी मॅडमचा निरोप. वर्षभराची ऑर्डर पक्की. गोल. वर काही नको. आणि, तुमच्या मिस्टरांना त्रास देऊ नका, ते फार मोठे कलाकार आहेत.

सुकेशनी ओव्हन पुसत गाणं म्हणत होती. मला आनंद झाला नाही. थोडा झाला. पण रागच जास्त.

२६ ऑगस्ट
ठरवलं. सिद्ध करून दाखवायचं. बिस्किट ते बिस्किट. मैदा, तूप, साखर. अख्ख्या तालुक्याला अक्कल नाही म्हणून मीही बावळटपणा करायचा?

आपल्या देव्हाऱ्यातही एक आहे, शाळेत उरलेला, सुकेशनीने ठेवलेला. मुंग्या झटकल्या. उचलला. निळी झूल, जाड पाय. तोंड उघडलं. पाठीकडून चावावं म्हटलं, तर पाठीवर झूल. तोंडाकडून, तर तो बघतो. डोळे मीच काढलेले.

दहा मिनिटं तसाच उभा. जबडा दुखायला लागला.

परत ठेवला. आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. पाया पडलो.

वळलो तर दारात सुकेशनी. कालचं एक गोल बिस्किट माझ्या हातावर ठेवलं, आणि म्हणे, शनिवारचे दीडशे डब्यात भरायचे हायत, रिकामे असले तर या.