पन्नास मिलिमीटरची पेटी

बाबा, मी सात वर्षांपासून पिस्तूल चालवतो. हे वाक्य मी तीनदा खोडलं, कारण ते वाचून तुम्ही बसल्या जागेवरून उठाल असं वाटलं. म्हणून आधीच सांगून टाकतो. हे हवेचं पिस्तूल आहे. त्यातून शिशाचा छर्रा सुटतो, दहा मीटरवर निशाण असतं आणि त्याच्या मागे भिंत असते, माणूस नसतो. याला परवाना लागत नाही. यंदाच्या राज्य स्पर्धेत काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण ते क्रमानं सांगतो, नाहीतर मधलं काहीतरी गळेल आणि मग मला रात्रभर तेच आठवत राहील.

तुम्ही हडपसरच्या बँकेच्या दारात स्टुलावर बसायचात, मांडीवर आडवी दुनळी बंदूक. फौजेतून आल्यावर तेच काम. नोकरीच्या सगळ्या वर्षांत तुम्ही त्या बंदुकीतून एकही गोळी झाडली नाहीत, पण ती पुसायची एकही सकाळ चुकवली नाहीत. मला ती सकाळ आजही जशीच्या तशी दिसते. उजेड स्वयंपाकघरातच बरा, म्हणून तुम्ही ओट्याला पाठ लावून खाली बसला आहात, दुनळी बिजागरीत मोडून नळीतून खिडकीकडे बघता आहात. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "तुमच्या तेलाचा वास पिठाला लागला तर डबा तुम्हीच खा." मी नऊ वर्षांचा आहे. मी म्हणतो, फडक्याची सळई मला द्या, मी फिरवतो. तुम्ही देता. माझे हात इतके कापतात की सळई नळीच्या तोंडावर टकटक वाजते. तुम्ही ती हळूच काढून घेता आणि गावाकडच्या बोलीत म्हणता, "तुहा हात कापते. ज्याचा हात कापते त्यानं बंदुकीले हात लावू नये." तुम्ही रागावला नव्हतात. बाहेर ढग आलेत असं सांगावं तसं सांगितलंत. म्हणूनच ते मला खरं वाटलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होतो. ते वर्ष मी पूर्ण केलं नाही. तुमची दुनळी आईनं पोलीस चौकीत जमा केली आणि पुढे परवाना माझ्या नावावर करायचा का असं विचारलं, तेव्हा मी नको म्हणालो. फाटक्या पिशवीत घालून कुणाला काही द्यावं तशी ती गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. मग मी हडपसरच्याच एका टूलरूममध्ये, यंत्रांचे साचे बनवायच्या कामाला लागलो. तिथे कळलं की माझा हात कानशीवर कापत नाही. काम शिकंज्यात आवळलेलं असतं, मला फक्त घासायचं असतं. तिथल्या फोरमननी एकदा मला कर्वेनगरला पाठवलं. एका नेमबाजीच्या रेंजवर कागदी निशाणं मागेपुढे करायची कप्पी अडकली होती. कप्पी तासाभरात सुटली, पण मी तिथेच उभा राहिलो. माणसं एक हात खिशात घालून, दुसऱ्या हातात पिस्तूल लांब धरून अगदी गप्प उभी होती. तिथे शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "मारून बघायचंय?" मी म्हणालो, "माझा हात हलतो." त्या म्हणाल्या, "सगळ्यांचाच हलतो. हलत्या हातानंच मारायचं असतं. ज्याचा हलत नाही त्याला डॉक्टरकडे पाठवतो आम्ही."

त्यानंतरचे माझे सगळे रविवार तिकडे गेले. आधी रेंजचं पिस्तूल होतं. त्याची मूठ कुणा पैलवानाच्या हातासाठी केलेली असावी, माझी बोटं त्यात पोहायची. मग एका निवृत्त नेमबाजाचं जुनं पिस्तूल मिळालं, दर छर्ऱ्याला बाजूचा दांडा ओढून हवा भरायला लागायची. साठ छर्रे म्हणजे साठ वेळा दांडा. संध्याकाळी घास तोंडाशी नेताना हात वर जायचा नाही. आता दोन वर्षांपासून माझ्याकडे परदेशी बनावटीचं आहे. नळीखाली हवेची टाकी असते, दांडा नाही, धक्का जवळजवळ नाही. तुम्ही ते हातात घेतलं असतंत तर आधी वास घेतला असतात, हे मला माहीत आहे. शिवाय सपाट तळाचे बूट घेतले, त्यात माणूस खांबासारखा उभा राहतो आणि चालतो बदकासारखा. चष्मा घेतला, त्याला एकच काच, डाव्या डोळ्यापुढे पांढरी पट्टी. छर्रे मी टूलरूमच्या काट्यावर तोलतो आणि वजनाप्रमाणे डब्या वेगळ्या करतो. मॅडम म्हणतात, "अरे, छर्ऱ्यांच्या पत्रिका जुळवतोयस का?" म्हणोत. ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन लटकवून बघतात, ते वजनही मी स्वतः लेथवर करून ठेवलं आहे. सगळं मी वहीत लिहितो. कुठला स्क्रू किती फिरवला, कुठल्या दिवशी, हवा कशी होती.

आणि बाबा, माझं लग्न झालं. ती खराडीला एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, "छंद वगैरे?" मी म्हणालो, नेमबाजी. पोह्यांच्या बशा एकदम थांबल्या. तिची आत्या म्हणाली, "म्हणजे गोळ्या झाडता तुम्ही?" मी छर्रे, दहा मीटर, भिंत, सगळं नीट समजावलं. सगळे मान हलवत होते आणि कुणालाच पटलेलं दिसत नव्हतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "पण लागतात का?" मी मागच्या वर्षाची सरासरी सांगितली, दशांश चिन्हासकट. ती हसली आणि मी घामानं भिजलो. आईसमोर ती मला अहो म्हणते आणि जिन्यात आलो की अरे. खंडेनवमीला तुम्ही पाटावर दुनळी आणि आईची विळी मांडायचात तसंच मी पिस्तूल आणि जाडी मोजायचं व्हर्निअर मांडलं. तिनं शेजारी आपला हेडफोन ठेवला. आईनं बघितलं तर ही म्हणाली, "आई, हेच माझं शस्त्र. दिवसाला शंभर माणसं थंड करते." आई इतकी हसली की कुंकू पाटाबाहेर पडलं.

आता मुद्द्याचं. राज्य स्पर्धेत ठरावीक गुण मिळाले तरच राष्ट्रीय स्पर्धेला जाता येतं. पाच वर्षं मी जात होतो आणि पाच वर्षं परत येत होतो. मागच्या वर्षी दोन गुणांनी गेलं. तेव्हा मी आईला शब्द दिला की आणखी एकदाच. यंदाही नाही झालं तर पिस्तूल विकीन आणि रविवारी माणसासारखा घरी बसेन. आईनं मागितला नव्हता तो शब्द. मीच दिला, कारण दरवर्षी परत आल्यावर ती काही न विचारता ताट वाढायची, आणि ते मला सहन व्हायचं नाही.

मग दोन महिने मी फक्त मुठीवर काम केलं. लाकडी मूठ आपल्या हाताप्रमाणे करतात, कुठे घासून, कुठे पुट्टी लावून. तळहात टेकतो तिथे मी पुट्टीचा पातळ थर द्यायचो, वाळला की घासायचो, धरून बघायचो, पुन्हा द्यायचो. शेवटी ती अशी बसली की डोळे मिटून उचललं तरी हात तिथेच जायचा. शेवटचा थर स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात दिला आणि वहीत लिहिलं, "जाडी मोजणे." आणि मोजली नाही. तुम्हाला खोटं वाटेल, मलाही वाटलं. पण माझं असं होतं बाबा, एखादी गोष्ट वहीत लिहिली की ती झालीच असं मला वाटतं.

स्पर्धेआधी प्रत्येकाचं पिस्तूल तपासतात. एक पेटी असते, पिस्तूल त्यात आडवं ठेवायचं, कडेच्या वर काही येता कामा नये. पेटीची खोली पन्नास मिलिमीटर. तपासणीला एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. त्यांनी माझं पिस्तूल पेटीत ठेवलं, वरून स्टीलची पट्टी सरकवली. पट्टी मुठीपाशी अडली. त्यांनी पुन्हा सरकवली. पुन्हा अडली.

"बसत नाही," ते म्हणाले.

मी म्हणालो, "सर, दोनच मिलिमीटर असेल."

"दोनच ना? मग काढा की."

"काढून आणलं तर पुन्हा बघाल?"

"वेळेत आणलंत तर. मला कुठं जायचंय? मी इथं शोभेला बसवलेला आहे."

माझ्या फेरीला पन्नास मिनिटं होती. मी बाहेर व्हरांड्यात आलो. बायको पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर डबा घेऊन बसली होती. तिला सांगितलं. दोन महिन्यांचं काम त्याच दोन मिलिमीटरमध्ये होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, तक्रारी ऐकते तसं, आणि विचारलं, "कानस आहे?" कानस होतीच. माझ्या पिशवीत काय नसतं! मी मूठ पिस्तुलापासून सोडवली. शिकंजा नव्हता. तिनं मूठ बाकाच्या कडेवर दाबून धरली, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून.

"हलतंय का?"

"नाही."

"मग घास. माझ्या तोंडाकडे काय बघतोयस?"

मी घासलं. येणारेजाणारे थांबून बघत होते. त्यातला एक जण म्हणाला, "आज सुतारकाम पण आहे का स्पर्धेत?" बायको मान वर न करता म्हणाली, "आहे. नाव नोंदवा तिकडे." पांढरी पूड तिच्या साडीवर पडत होती. मी तीन वेळा व्हर्निअर लावलं. एकावन्न. पन्नास पॉइंट चार. मग पॉलिश पेपर. एकोणपन्नास पॉइंट सहा. मूठ परत बसवली, स्क्रू आवळले, धावत आत गेलो. पट्टी सरळ सरकली, काही न लागता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मिशांच्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्या हाताकडे पाहिलं.

"कानस कुठं शिकलात?"

"हडपसरला. टूलरूममध्ये."

"मग घरीच घासायची होती. आम्हाला कशाला दाखवायला आणलीत?" असं म्हणून त्यांनी पिस्तुलावर तपासणीचं लेबल चिकटवलं.

पण ती मूठ आता माझी नव्हती. पहिले दहा छर्रे मारले आणि पडद्यावर शंभरपैकी एक्याण्णव आले. अशा सुरुवातीनं मी कुठेच पोहोचत नाही. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, पँटला हात पुसले. वेळ जात होता आणि मी तो जाऊ दिला. मग मूठ अशी धरली जशी दुसऱ्याची वस्तू धरतो, न आवळता. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. पुन्हा पंच्याण्णव. घासल्यामुळेच चांगलं झालं असं मी म्हणणार नाही, तशी गोष्ट सांगायला बरी वाटते एवढंच. हात हलत होता. नळीच्या टोकाची नेम धरायची माशी काळ्या गोलाखाली डोलत होती आणि मी ती डोलत असतानाच ट्रिगर दाबत होतो. शहाण्णव. आणि शेवटचे दहा, बाबा, सत्त्याण्णव. एकूण पाचशे अडुसष्ट. लागतात त्यापेक्षा तीन जास्त. मी बेरीज चार वेळा केली, मशीननं केलेली असूनही. मागे वळलो तर काचेपलीकडे बायको दोन्ही हात वर करून उभी होती, कोपरापर्यंत पांढरी. आईला फोन लावला. ती म्हणाली, "पिस्तूल विकू नकोस हां आता," जणू मीच विकायला निघालो होतो आणि ती अडवत होती.

दुसऱ्या आठवड्यात टूलरूममध्ये सत्कार झाला. नारळ, शाल, पेढे. आईला गाडी पाठवून बोलावलं होतं, ती पहिल्या रांगेत होती. मालकांनी माइक माझ्या हातात दिला आणि विचारलं, "शेवटचे दहा मारताना कुणाची आठवण आली?" मी म्हणालो, वडिलांची. टाळ्या झाल्या. आईनं पदर डोळ्यांना लावला. फोरमननी माझ्या पाठीवर हात ठेवला.

ते खरं नव्हतं. शेवटचे दहा मारताना मला तुमची आठवण आली नाही. त्याआधी सात वर्षं, हात उचलला की तुम्ही यायचातच, दर छर्ऱ्याला. त्या दहा छर्ऱ्यांत तुम्ही नव्हतात, कुणीच नव्हतं, मीही फारसा नव्हतो. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. आईला हे मी सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं, पण तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही याची खात्री होती म्हणूनच सांगितलं.