डॅरेलच्या वजनाच्या स्प्रिंगा

प्रिय लोरेनताई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतो? इथे मोंटानात बर्फ खिडकीला टेकलाय.

माझा डॅरेल गेल्यापासून त्याची स्नोमोबाइल शेडमध्येच पडून होती. आता मी शिकतेय. भुसभुशीत बर्फात डावीकडे वळायचं तर हँडल उजवीकडे फिरवून अंग डावीकडे झोकायचं. मी जीव खाऊन झोकते, पण गाडी ढिम्म हलत नाही.

शेजारचा गस हसला. "अगं, तुझं वजन ते केवढंसं! गाडीखालच्या या स्प्रिंगा अजून डॅरेललाच पेलतायत. ढिल्या कर."

केल्या. काल डोंगरउतारावर गाडी अगदी माझं ऐकत होती. गसने टाळ्या वाजवल्या.

घरी आले आणि स्प्रिंगा पुन्हा होत्या तितक्याच आवळून ठेवल्या. उद्या गसला काय सांगू गं?

तुझी धाकटी,
मार्लिस